पहिल्या तीन वर्षांची शाळा घरातच

वर्ष-दीड वर्षाचं लेकरू स्वयंपाकघरात शिरलं की आधी डबे खाली येतात, मग झाकणं घरंगळतात आणि शेवटी कणकेत हात जातो. आई त्याला उचलून बाहेर बसवते, ते रांगत-धावत पुन्हा तिथेच येतं. या पुन्हा पुन्हा येण्यातच त्याचं शिकणं चाललेलं असतं. मेंदूची वाढ या वयात सर्वांत वेगाने होते, आणि ती हाताने धरून, ओतून, आपटून, चाखून होते.

अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला पायाभूत टप्पाही तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची शाळा म्हणजे घर. आपल्या उमरेडमध्ये कोणाच्या घरी कोळसा खाणीतली पाळी असते, कोणी मिरची निवडायला सातऱ्यावर जातं, कोणी शेतावर. लेकराला शिकवायला वेगळा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर असं, की वेगळा वेळ काढू नका. जे काम रोज होतंच, त्यातला लहानसा वाटा लेकराच्या हाती द्या.

ताराबाईंनी घालून दिलेली वाट

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे मुलं पाणी ओतत, टेबल पुसत, गुंड्या लावत. हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. परदेशी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून पानं, फुलं, खडे, शिंपले हीच त्यांची शिक्षणसाधनं झाली, आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली.

आपल्या विदर्भातही हे काम झालं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेसोबत 'आरंभ' हा उपक्रम उभा केला. तो तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा आराखडा आणला, आणि त्यात घरी करता येतील असे १४० खेळ दिले आहेत. पुढचे खेळ त्याच वाटेवरचे आहेत.

एक ते दीड वर्ष: भरणं आणि रिकामं करणं

या वयात लेकराला वस्तू आत टाकायची आणि बाहेर काढायची असते. स्वयंपाकघरातला खालचा एक कप्पा त्याच्या नावाचा करा. त्यात स्टीलचे दोन-तीन लहान गंज, वाट्या, लाकडी चमचा आणि मोठी झाकणं ठेवा. गंज एकात एक बसवताना लहान-मोठं कळतं, चमच्याने वाजवताना गंजाचा आणि झाकणाचा आवाज वेगळा लागतो.

टोपल्यात चार बटाटे आणि चार लिंबं द्या. एकेक उचलून दुसऱ्या टोपल्यात टाकू द्या. पंधरा महिन्यांच्या आसपास मूल एकावर एक दोन वस्तू रचू लागतं. तेव्हा रिकाम्या काड्यापेट्या द्या आणि रचलेलं पाडू द्या. पाडणं हा खेळाचाच अर्धा भाग आहे.

दीड ते दोन वर्ष: पाणी, कणीक, संत्रं

सकाळच्या वेळी अंगणात परात, एक लहान गडवा आणि दोन पेले ठेवा. पाणी थोडंच घ्या. गडव्यातून पेल्यात ओतताना निम्मं सांडेल. सांडलेलं पुसायला फडकं त्याच्याच हाती द्या, कारण पुसणं हाही धडा आहे. रोज ओतता ओतता मनगट वळायला शिकतं, आणि याच मनगटावर पुढे लिहिणं उभं राहतं.

पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या. दाबणं, वळणं, लांबवणं यांनी बोटांत ताकद येते.

नागपुरी संत्र्याचे दोन बहार येतात. अंबिया दिवाळीच्या सुमारास, मृग फेब्रुवारी-मार्चात. सालीला नखाने सुरुवात करून संत्रं लेकराच्या हाती द्या. साल ओढण्यात बोटांचा व्यायाम आहे, वासाचा आणि चवीचा अनुभव आहे. फोडींची पांढरी पापुद्री आणि बिया मात्र मोठ्यांनीच काढाव्यात, आणि फोड लहान तुकडे करून द्यावी.

दोन ते तीन वर्ष: वेगळं करणं, जुळवणं, रेघोट्या

आता मुलाला वर्गवारी आवडू लागते. धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे, आजीचे आणि स्वतःचे कपडे वेगळे काढायला सांगा. मोज्यांच्या जोड्या लावू द्या. हिवाळ्यात बाजारातून वाल, तूर आणि मटाराच्या शेंगा येतात, त्या एकत्र करून तीन टोपल्यांत निवडायला द्या. दाणे सोलण्याचं काम मोठ्यांकडेच राहू द्या.

बरणीचं झाकण फिरवणं, लहान झाडूने झाडणं, रोपाला पाणी घालणं ही कामंही याच वयाची. अंगणात ओल्या मातीवर काडीने, फरशीवर खडूने रेघा ओढू द्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास आपण काढून दाखवलेला गोल मूल काढू लागतं. पेन्सिल धरून अ-आ गिरवून घेण्याची घाई करू नका, बोटं अजून तयार होत असतात.

तान्ह्या पोळ्याचा बैल माळ्यावर टाकू नका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर भागात तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी बैल ओढत सजलेली मुलं निघतात. चालू लागलेल्या मुलासाठी याहून चांगलं खेळणं शोधून सापडणार नाही. दोरी ओढताना तोल साधतो, मागे वळून पाहताना मान आणि पाय एकत्र काम करतात. बैलामागे पुठ्ठ्याच्या खोक्याची बंडी बांधा, तिच्यात कांदे भरा आणि आजीपर्यंत पोचवायला सांगा. 'चाल', 'थांब', 'वळ' हे शब्द खेळातच कळतात. दोरी मात्र आखूड ठेवा आणि खेळ संपला की सोडून घ्या.

हातासोबत शब्द

खेळ नुसता हाती देऊन भागत नाही, सोबत बोलणं हवं. मूल जिकडे पाहतं त्याचं नाव सांगा. ते 'पाणी' म्हणालं तर 'हो, थंड पाणी' असं एक शब्द वाढवून परत द्या, मग थांबा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहा. हे काम आजी-आबाजी फार छान करतात. घरात जी बोली असेल तिच्यातच बोला.

मोबाइलला ही देवाणघेवाण जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलासाठी पडदा नकोच, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एक तासाच्या आतच. उलट हालचालीचे खेळ दिवसभरात मिळून किमान तीन तास हवेत.

धोका कुठे आहे

- सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. चणे, शेंगदाणे, चिंचोके, मणी घशात किंवा नाकात अडकतात.
- रिमोट आणि घड्याळातले बटणाएवढे सेल गिळले गेले तर जिवावर बेततं. त्वरित दवाखाना गाठा.
- इंच-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. पाण्याच्या खेळात हाताच्या अंतरावर बसा आणि खेळ संपताच परात रिकामी करा.
- सातऱ्यावरून किंवा मिरची कुटून आल्यावर साबणाने हात धुवा, कपडे बदला, मगच लेकराला घ्या. मिरचीचा तिखटपणा बोटांवर रेंगाळतो आणि डोळ्यांत जातो.
- उन्हाळ्यात अंगणातला खेळ सकाळी लवकरच उरका.

कधी विचारायला जावं

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, शेजारच्या मुलाशी तुलना नको. पण दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला ओ देत नसेल किंवा आलेली गोष्ट विसरत असेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नका. अंगणवाडी सेविकेला सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलांची तपासणी करतं आणि गरज असेल तर पुढच्या उपचारासाठी पाठवतं.

आजच सुरुवात करा

रोज दोन खेळ, दहा-दहा मिनिटं, एवढं पुरेसं आहे. मूल कंटाळलं की थांबा, तेच पुन्हा मागू लागलं तर पुन्हा द्या. आज संध्याकाळी कणीक मळाल तेव्हा लिंबाएवढा गोळा बाजूला काढा आणि लेकराला स्वयंपाकघरात हाक मारा.