अनोळखी पेढीला लिहिलेले पत्र

व्यापारी घरातील मुलगा पहिल्यांदा मालाचा नमुना घेऊन परगावी निघतो, तेव्हा त्या पेठेत त्याच्या ओळखीचे कोणी नसते. पिशवीत हळदीच्या दोन पुड्या, खिशात भावाची चिठ्ठी आणि मनात थोडी धाकधूक, एवढीच त्याची शिदोरी. दहा दुकानांतून नकार घेऊन तो परतला, तरी घरात त्याला कोणी कमी लेखत नाही. ‘पेठ पाहून आला’ असे म्हणून वडीलधारे त्याचे कौतुकच करतात. मात्र त्याच घरातील पदवीधर मुलीने एखाद्या अपरिचित पेढीला ‘आपल्यासाठी मी लेखनाचे काम करू इच्छिते’ असे पत्र पाठविले, तर लगेच प्रश्न येतो, ‘ओळख ना पाळख, काम कसे मागायचे?’ एका बाबतीत जो व्यापार, तोच दुसऱ्या बाबतीत संकोचाचा विषय का व्हावा?

हिंगोली जिल्ह्यातील साखरा यांसारख्या गावी हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. अशा ठिकाणी वृत्तपत्राची कचेरी किंवा जाहिरातसंस्था शेजारी नसते. लेखणी चांगली असलेल्या तरुणापुढे मग दोनच वाटा दिसतात : गाव सोडावे किंवा लेखन सोडावे. तिसरी वाट आहे. अनोळखी व्यक्तीला विचारपूर्वक पत्र लिहिण्याची. ती नवीनही नाही.

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १८८४ साली रायपूर येथे जन्मलेले केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९१२ मध्ये स्वदेशी परतले. मराठीत ज्ञानकोश करायचा तर राजाश्रयाची वाट पाहणे त्यांनी नाकारले. त्यासाठी नागपूर येथे त्यांनी चक्क मर्यादित कंपनी स्थापन केली, तिचे भाग विकले आणि ग्रंथ छापून होण्यापूर्वीच वर्गणीदार जमविले. ज्यांनी केतकरांना कधी पाहिलेही नव्हते, अशांची दारे या कामासाठी ठोठवावी लागली. १९२० च्या दशकात तेवीस खंडांचे ते प्रचंड काम उभे राहिले. पुढे १९३१ च्या हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्या वेळी आजचा हिंगोली जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. दारोदार वर्गणीदार शोधल्याने त्यांच्या विद्वत्तेला उणेपणा आला नाही. त्यांनी दान मागितले नव्हते. मोबदल्यात काय मिळेल हे सांगून व्यवहार मांडला होता. याचना आणि प्रस्ताव यांतील अंतर नेमके येथे आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. लेखकाला पेढीची गरज असते, तशी पेढीला लेखकाची असते काय? लोखंडी नांगर तयार करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याच्या या माहितीपत्राचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. माल कितीही उत्तम असो, त्याची ओळख शब्दांनीच करून द्यावी लागते, हे त्या उद्योगाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

हिंगोली परिसरात आज हीच स्थिती आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु चांगली हळद विकणाऱ्या पेढीच्या पाकिटावरील मजकूर मोडक्या भाषेत असेल, तर दूरच्या ग्राहकाला त्या मालाचे वेगळेपण कसे कळावे? साखरा येथील होतकरू लेखकाने अशी पेढी हेरावी. तिचे पाकीट, पत्रक, संकेतस्थळ नीट वाचावे आणि मगच पत्र लिहावे. स्वतःच्या पदव्यांनी पत्राची सुरुवात करू नये; समोरच्याच्या मालाने करावी. ‘आपल्या पाकिटावर हळद कोठे पिकते याचा उल्लेख आढळला नाही. चार ओळींचा नमुना सोबत पाठवीत आहे. पसंत पडल्यास पूर्ण माहितीपत्रक अमुक रकमेत, आठ दिवसांत करून देईन.’ एवढे पुरेसे आहे. नमुना, दर आणि मुदत, या तीन गोष्टी व्यापाऱ्याला लगेच समजतात.

एकच मजकूर शंभर जणांना पाठविण्यापेक्षा दहा जणांना दहा निरनिराळी पत्रे लिहिणे हिताचे. कोणाला, कोणत्या तारखेस लिहिले, काय उत्तर आले, याची खतावणी ठेवावी. आठ-दहा दिवसांनी एकदा नम्र स्मरण द्यावे आणि तरीही मौन राहिल्यास पुढच्या नावाकडे वळावे. बहुतेक पत्रांना उत्तर येणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. त्यात अपमान नाही. काम ठरल्यास मजकूर किती, दुरुस्त्या किती वेळा, काही रक्कम आगाऊ आणि उरलेली केव्हा, हे लेखी ठरवावे. तोंडी शब्दावर विसंबलेली उधारी अखेर नातेही बिघडवते.

येथे पत्र स्वीकारणाऱ्या पेढ्यांचेही कर्तव्य येते. लेखनाला अनेकदा ‘दोन ओळी तर आहेत’ असे म्हणून फुकटात धरले जाते. पण असा लेखकही ‘उद्यम’ पोर्टलवर विनाशुल्क नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाची रक्कम लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावी लागते. करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास व्याज देय होते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा होत नाही. कायद्याचा धाक नको असला तरी हुंडीच्या तारखेला जपणाऱ्या परंपरेला एवढे तरी शोभावे की, ज्याचे शब्द वापरले त्याचे दाम वेळेवर पोचावे. आणि काम द्यायचे नसेल, तर नकाराची एक ओळही पुष्कळ असते. त्या ओळीने वाट पाहणाऱ्याचा दिवस मोकळा होतो.

पुढच्या वेळी घरातील मुलीने अनोळखी पेढीला पत्र लिहिले, तर तिला ‘काम मागतेस?’ असे विचारण्याआधी तिचा नमुना वाचून पाहावा, दर योग्य लावला आहे का ते तपासावे आणि परगावी निघालेल्या मुलाला देतात तोच आशीर्वाद तिलाही द्यावा. तीही पेठेलाच निघाली आहे.