परसबागेतील जांभूळ : मृदुकाष्ठ कलमाची रीत

ठाणे जिल्ह्यात जांभळाचे झाड कोणी मुद्दाम लावल्याचे क्वचितच आढळते. बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा घराच्या मागील अंगणात ते आपोआप उगवते, व वाढले म्हणून राखले जाते. मात्र सर्व झाडांची फळे सारखी नसतात. एका झाडाचे फळ टपोरे, गरदार व लहान बियांचे निघते, तर शेजारच्याच झाडाचे फळ इतके तुरट असते की मुलेदेखील ते वेचीत नाहीत. कल्याणच्या पुढील बदलापूर परिसरातील टपोऱ्या जांभळांना, तसेच पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. (१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी बहाडोलीही ठाणे जिल्ह्यातच मोडत असे.) दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने निवड पद्धतीने प्रसारित केलेल्या जातीस 'कोकण बहाडोली' हेच नाव दिलेले आहे.

असे असूनही या झाडांची संख्या वाढण्याऐवजी घटत आहे. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूर येथे वसाहती वाढल्या, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांबरोबर परसातील जांभळीही गेल्या. शहरी हद्दीत झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी घ्यावी लागते व बदली झाडेही लावावी लागतात. परंतु त्या जागी लावलेले झाड तोडलेल्या झाडाच्या गुणाचे असेलच असे नाही. उत्तम झाडाचा गुण टिकविण्याचा खात्रीचा मार्ग कलम हाच होय, व ते काम घरच्या माणसास साध्य आहे.

बी पेरून हे का साधत नाही, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर फुटतात. त्यांपैकी काही मातृवृक्षाच्याच पेशींपासून झालेले असल्यामुळे त्याच्या गुणाचे असतात, तर एखादा परागीभवनातून झालेला असतो. कोवळ्या रोपाकडे पाहून हा भेद ओळखता येत नाही. शिवाय रोपापासून झालेल्या झाडास फळे धरण्यास आठ ते दहा वर्षे लागतात, व एवढा काळ वाट पाहून फळ तुरट निघाले तर परसातील जागा अडून राहते. कलमास साधारणतः चौथ्या ते सहाव्या वर्षापासून फळे येऊ लागतात. आणखी एक लाभ असा की, कलम बुटके ठेवता येते. जांभळाचे लाकूड ठिसूळ असते. उंच फांदीवर चढून फळे उतरविताना फांदी मोडून माणसे पडतात, हे या भागात सर्वांस ठाऊक आहे. जमिनीवर उभे राहून तोडता येतील अशी फळे हवी असतील, तर झाड प्रारंभापासून हातात ठेवले पाहिजे.

खुंटाची तयारी

खुंटासाठी कोणत्याही जोमदार गावठी झाडाचे बी चालते. मात्र ते ताजे हवे. जांभळाचे बी सुकले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने नष्ट होते. पुढच्या हंगामासाठी डब्यात भरून ठेवलेले बी निरुपयोगी होय. जूनमध्ये फळे खाल्ल्यावर बिया धुऊन त्या दोन-चार दिवसांतच पेराव्यात. पिशवीत पेरण्यापेक्षा, जेथे झाड हवे तेथेच खड्डा भरून दोन-तीन बिया टोकाव्यात व पुढे एकच जोमदार रोप राखावे, हे परसबागेस अधिक हितावह आहे. अशा रोपाचे सोटमूळ न दुखावता खोल जाते व जागेवरच बांधलेले कलम वाऱ्यास चांगले टिकते. सुमारे एक वर्षाचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे व कोवळी फूट असलेले रोप कलमास योग्य समजावे.

काडीची निवड

कलम फसण्याचे कारण बहुधा काडीत असते, सुरीत नव्हे. ज्या झाडाची फळे स्वतः चाखली आहेत, त्याच झाडाची काडी घ्यावी. ती उन्हात वाढलेल्या फांदीच्या शेंड्याकडील, तीन-चार महिन्यांची, खुंटाइतक्याच जाडीची व दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची असावी. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस, काडी झाडावरच असताना, तिची पाने देठ ठेवून कापून टाकावीत. त्यामुळे शेंड्याचा डोळा फुगतो. डोळा फुगला पण उमलला नाही, हीच काडी घेण्याची नेमकी वेळ होय. काडी सकाळी काढावी, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळावी व शक्यतो त्याच दिवशी वापरावी. बदलापुराहून ठाण्यास काडी आणणे हे आगगाडीच्या तासाभराच्या प्रवासाचे काम आहे. तेव्हा ती शिळी करण्याचे कारण नाही.

कलम बांधणे

खुंट जमिनीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीवर, कोवळ्या भागात आडवा कापावा. खालची काही पाने राखावीत. कापाच्या मध्यावर धारदार सुरीने तीन ते चार सेंटिमीटर खोल उभी चीर द्यावी. काडीच्या बुडास तेवढ्याच लांबीची दुहेरी पाचर करावी. प्रत्येक बाजू एकाच ओढीत कापली जावी. पुन्हा पुन्हा तासल्याने पृष्ठभाग खडबडीत होतो व जोड पोकळ राहतो. पाचर चिरेत बसविताना निदान एका बाजूस तरी सालीशी साल मिळाली पाहिजे. साल व लाकूड यांच्या मधोमध वाढणाऱ्या पेशींचा जो अगदी पातळ, ओलसर थर असतो, त्याच्याच द्वारे खुंट व काडी एकजीव होतात. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर काडी मध्यभागी न ठेवता एका कडेस सरकवावी. हा मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळे सुबक दिसणारी कलमेदेखील वाळतात.

जोडावर दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पॉलिथिनची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळावी व काडीवर पॉलिथिनची अरुंद पिशवी टोपीप्रमाणे चढवून खाली बांधावी. आतील ओलाव्यामुळे, खुंटाचा रस मिळू लागेपर्यंत काडी तग धरते. मुसळधार पावसाच्या दिवसांत कलम बांधू नये, कारण जोडात पाणी शिरून बुरशी येते. कडक उन्हातही सावलीवाचून बांधू नये. दोन-तीन आठवड्यांत देठ गळून डोळा फुटू लागला की टोपी संध्याकाळच्या वेळी काढावी. देठ काळे पडून काडीलाच चिकटून राहिले, तर कलम फसले असे जाणून त्याच खुंटाच्या नव्या फुटीवर पुन्हा बांधावे. खुंटाचे फुटवे दर आठवड्यास खुडावेत. ते राहिले तर काही वर्षांनी गावठी जांभूळच वाढलेले दिसेल. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडावी, अन्यथा ती सालीत रुतते.

परसात कलम घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर दूर ठेवावे. विजेच्या तारांखाली लावू नये. अंगणात कपडे वाळत घालण्याच्या जागेजवळही नको, हे घरातील स्त्रिया न विचारता सांगतील. गच्चीवरील पिंपात जांभूळ समाधानकारक वाढत नाही. सोसायटीच्या आवारात मोकळी जमीन असल्यास चार घरांनी मिळून एक झाड राखावे. पहिली दोन-तीन वर्षे हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणी द्यावे, मोहोर खुडावा, आणि झाड मीटरभर उंचीचे होताच शेंडा मारून चार दिशांना चार फांद्या ठेवाव्यात.

तोडले जाणार असलेल्या जुन्या झाडासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. अशा झाडाच्या शेंड्यास कोवळी फूट बहुधा नसते व त्याच्या जून काड्या कलमास चालत नाहीत. तोड ठरल्याचे कळताच, मालकाची व आवश्यक ती परवानगी घेऊन, आवाक्यातील दोन-तीन फांद्या छाटाव्यात. छाटीनंतर येणाऱ्या फुटी तीन-चार महिन्यांत कलमास योग्य होतात. म्हणून गावातील कोणती जांभूळ उत्तम फळ देते व तिच्या जागेवर कधी बांधकाम व्हावयाचे आहे, याची नोंद कार्यकर्त्यांनी मे-जून महिन्यांतच, फळे झाडावर असताना, करून ठेवावी.