बटाट्याची कसोटी

गेल्या फाल्गुनांत आमच्या शाळेच्या बागेंत कांहीं विद्यार्थ्यांनीं कोंब आलेले बटाटे मोठ्या हौसेनें लाविले. पाणी वेळच्या वेळीं मिळालें. पालाही हिरवागार वाढला. वैशाखांत माती उकरून पाहिली, तों खालीं शेंगदाण्याएवढ्या चार-दोन गांठी! मुलें हिरमुसलीं व एकमेकांस दोष देऊं लागलीं. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. तो रात्रींच्या उकाड्याचा होता. असें कां व्हावें, आणि यावर मनुष्यानें कोणता उपाय योजिला आहे, हें आमच्या विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

बटाटा हें मूळ नव्हे. तो जमिनीखालीं वाढणाऱ्या खोडाचा फुगलेला शेंडा होय. म्हणूनच त्याला डोळे असतात व डोळ्यांतून कोंब फुटतात. दिवसां पानें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात आणि तें खालीं उतरून कंदांत पिष्टरूपानें सांठतें. परंतु ‘आतां कंद धर’ अशी जी सूचना पानांकडून खालीं जाते, ती रात्रीं हवा थंड असली तरच नीट पोंचते. रात्रीचें उष्णमान सुमारें २० अंश सेंटिग्रेडच्या वर राहिलें, कीं ती सूचना मंदावते. शिवाय दिवसां मिळविलेल्या अन्नापैकीं पुष्कळसें झाड श्वसनांतच खर्चून टाकतें. पाला माजतो व कंद उपाशी राहतो. आमच्या बागेंत घडलें तें हेंच.

बटाट्याचा हा स्वभाव त्याच्या जन्मभूमीस साजेसाच आहे. दक्षिण अमेरिकेंत पेरू व बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून साडेबारा हजार फूट उंचीवर टिटिकाका नांवाचें सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या अँडीज पर्वतांत कांहीं हजार वर्षांपूर्वीं तेथील शेतकऱ्यांनीं रानटी बटाटा माणसाळविला. तेथें दिवसां ऊन, तर रात्रीं हिंव पडतें. कित्येक उंच जागीं साधा बटाटा हिंवानें करपतो. तेथें लोक कडू बटाटा लावितात. या कडू जातींच्या पूर्वजांत अतिशय उंचीवर वाढणारी एक रानटी जात असल्यामुळें त्या हिंवास दाद देत नाहींत. मात्र त्यांतील कडूपणा विषारी असतो. म्हणून ते लोक कंद रात्रीं उघड्यावर गोठवितात, दिवसां उन्हांत ठेवून पायांनीं तुडवितात, व पाणी निघून गेल्यावर वाळवितात. या खाद्यास ‘चुन्यो’ म्हणतात. तें वर्षानुवर्षें टिकतें. निसर्गाच्या कठोरपणालाच त्यांनीं आपला चाकर केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सोळाव्या शतकांत बटाटा युरोपांत गेला व पुढें आपल्याकडे आला. ‘बटाटा’ हें नांव आपणांस पोर्तुगीज भाषेनें दिलें. दूरचा हा पाहुणा आपल्याकडे इतका रुळला, कीं उपवासाच्या ताटांतही त्यास मान मिळाला! परंतु जन्मभूमींत जीं हजारों वाणें होतीं, त्यांतील फारच थोडीं बाहेर पडलीं. बटाट्याची लागवड कंदाचे तुकडे लावून होते. त्यामुळें एका वाणाचीं सर्व झाडें म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. एक ज्या संकटास बळी पडतें, त्यास सगळींच बळी पडतात. आयर्लंडांतील गरीब लोक बव्हंशीं ‘लंपर’ नांवाच्या एकाच वाणावर जगत होते. १८४५ सालीं करपा रोगानें तें पीक कुजविलें, व पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व सांथींनीं मेलीं. तितक्याच लोकांनीं देशत्याग केला.

तर मग चिवट वाण कसें निर्माण करितात? बटाट्याला फुलें येतात व त्यांपासून लहान टोमॅटोसारखीं फळें धरतात. (हीं फळें विषारी असतात; मुलांनीं तीं तोंडांत घालूं नयेत.) एका झाडाच्या फुलांतील पुंकेसर काढून टाकून त्यावर दुसऱ्या वाणाचा पराग घालितात. जें बीं तयार होतें, त्यांतील प्रत्येक दाणा गुणांनीं निराळा असतो, जशीं एकाच आईबापांचीं मुलें निराळीं असतात. हजारों रोपें वाढवावयाचीं, कांहीं हिंवांत, कांहीं उन्हांत, कांहीं पाण्याच्या टंचाईंत पारखावयाचीं, आणि त्यांतून मोजकीं ठेवावयाचीं. असें दहा-बारा वर्षें चाललें, म्हणजे एखादें वाण हातीं लागतें.

रानटी जातींचें साहाय्य घेणें त्याहून कठीण. उरुग्वे व अर्जेंटिना या देशांतील एक रानटी जात शून्याखालीं चार-पांच अंशांपर्यंतची थंडी सोसते; लागवडीचा बटाटा दोन-तीन अंशांतच मरतो. पण तिच्या पेशींत २४ गुणसूत्रें, तर आपल्या बटाट्यांत ४८. त्यामुळें सरळ संकरानें सहसा बीं धरत नाहीं. गुणसूत्रें दुप्पट करणें यासारख्या युक्ती योजाव्या लागतात. संकर साधला, तरी रानटी पूर्वजाचा कडूपणा व बारीक कंद हेही संततींत उतरतात. ते दोष घालविण्यासाठीं चांगल्या वाणाशीं पिढ्यानपिढ्या पुनः संकर करावा लागतो.

आपल्या देशांत हें कार्य करणारी केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटणा येथें स्थापन झाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली. सिमल्याजवळील कुफ्री येथें उन्हाळ्याच्या लांब दिवसांत बटाट्याला भरपूर फुलें येतात, म्हणून संकर तेथें होतात व वाणांच्या नांवांआधीं ‘कुफ्री’ हा शब्द लागतो. दक्षिणेच्या पठारासाठीं निघालेल्या, लवकर पोसणाऱ्या वाणाचें नांव ‘कुफ्री लवकर’. हें नांव मराठी वाचकांस आपलेंच वाटेल. पुढें त्याचा संकर पेरूंतील लिमा शहरीं असलेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या एका उष्णतासहिष्णु वाणाशीं करण्यांत आला, व त्यांतून ‘कुफ्री सूर्य’ हें वाण निघून २००६ सालीं प्रसारित झालें. इतर वाणें जेथें हात टेंकतात, तेथें, रात्री कांहींशा उबदार असतांही, हें वाण कंद धरतें. हवा दिवसेंदिवस तापत चालली असतां असें वाण शेतकऱ्यास केवढा आधार आहे, हें वेगळें सांगावयास नको.

परंतु नवें वाण घडवावयास जुन्या वाणांचा सांठा पाहिजे, आणि तो राखणाऱ्यांची एक कथा सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. रशियांतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनीं जगभरचें बीं लेनिनग्राड येथें जमविलें होतें. १९४१ सालीं शत्रूनें त्या शहरास वेढा घातला. तेव्हां संस्थेच्या सेवकांनीं तोफांच्या माऱ्यांत शेतांतून बटाट्याचीं वाणें खणून आणिलीं, व कडाक्याच्या थंडींत मिळेल तें जाळून तळघर उबदार राखिलें, कीं कंद गोठूं नयेत. शहरांत लाखों लोक भुकेनें मरत होते. त्या सेवकांपैकींही कित्येक मेले. तांदुळाच्या संग्रहाचा रक्षक तांदुळाच्या पुड्यांमध्येंच उपाशी मरण पावला. पण बियाण्यास कोणीं हात लाविला नाहीं. स्वतः वाविलोव्ह १९४३ सालीं आपल्याच देशाच्या तुरुंगांत मरण पावले.

विद्यार्थीमित्रांनो, ताटांतील बटाट्याच्या फोडीमागें एवढा इतिहास आहे. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरीं वा गांवीं एखादें जुनें वाण असेल, मग तो बटाटा असो, वाल असो कीं ज्वारी, तर तें बारीक वा बेढब म्हणून टाकून देऊं नये. उद्यांच्या दुष्काळास तोंड देणारा गुण कदाचित् त्यांतच दडलेला असेल. आमच्या बागेंतील मुलांनीं तर यंदा बटाटे कार्तिकांत लावावयाचें ठरविलें आहे.