आदरांजलीच्या सभेत काय सांगावं

परभणी, पूर्णा, जिंतूर, मानवतकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये घरातली वडीलधारी बाई गेली की काही दिवसांतच चौकात फ्लेक्स लागतो. वर बुद्ध आणि बाबासाहेब, मधे कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला, डोक्यावर पदर असलेला चेहरा. खाली 'कालकथित', तिचं नाव, त्यात नवऱ्याचं नाव, मग जलदान विधी व पुण्यानुमोदनाची तारीख आणि विहाराचा पत्ता. त्याखाली शोकाकुलांची रांग असते: मुलगे, सुना, जावई, नातू, आणि जमेल तिथे त्यांची पदं. कुणी शिक्षक, कुणी ग्रामसेवक, कुणी बँकेत. ही रांग वाचली की तिच्या घरात कोण काय झालं ते कळतं. ती स्वतः काय करत होती, ते मात्र त्या आठ बाय सहाच्या कापडावर कुठेच नसतं. पुढे सभेतही ते येत नाही, आणि ते यायला हवं, कारण तिच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं तेवढंच आपल्याकडे आहे.

विधी तसा आटोपशीर असतो. पांढऱ्या कपड्याने झाकलेल्या टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, शेजारी तिचा फोटो, मेणबत्त्या, अगरबत्ती. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य, कधी भन्तेजी, त्रिशरण-पंचशील देतात. मग घरातला कुणीतरी तांब्यातून पाण्याची बारीक धार वाटीत सोडतो, पालि गाथा चालू असतात आणि वाटी भरून पाणी खालच्या ताटात उतरतं. गावोगाव यात थोडाफार फरक पडतो. कुठे दिवस वेगळा, कुठे गाथा कमी-जास्त. पण दान सगळीकडे असतं: विहाराला सतरंजी, पंखा, पुस्तकं, रोख रक्कम, आलेल्यांना जेवण. हे दान किती आणि कशासाठी, ते माईकवरून नेमकं सांगितलं जातं. त्यानंतर भाषणं सुरू होतात आणि नेमकेपणा तिथेच संपतो. 'मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, संसाराचा गाडा ओढला, मुलांवर संस्कार केले.' यातलं काही खोटं नाही. पण नाव बदलून हेच भाषण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वस्तीत चालतं, आणि चालवलंही जातं.

आज सत्तरी-पंच्याहत्तरीत जाणाऱ्या बाईचं आयुष्य इतकं मोघम नव्हतं. तिची जन्मतारीख मोघम असते, हे खरं. आधार कार्डावर १ जानेवारी असते, तीवर घरातल्या कुणाचाच विश्वास नसतो, आणि शेवटी हिशेब असा लागतो की बहात्तरच्या दुष्काळात थोरला अंगावर पीत होता, म्हणजे तेव्हा ती विशीत असणार. या हिशेबातच तिचा इतिहास आहे. १९७२ला तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणून पोर जगवलं. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. तेव्हा ती पोरांना घेऊन कुठे गेली आणि परत कधी आली? १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, त्याच्या आधीच्या मोर्च्यांमध्ये ती होती का? गायरानावर ज्यांनी जमीन केली, तिथे दगड वेचून रान कुणी साफ केलं? हे प्रश्न सभेच्या आधी घरात विचारले तर उत्तरं मिळतात, निदान तिच्याबरोबरीच्या बाया आहेत तोवर.

तिचं काम विस्मरणात जातं ते आपण कृतघ्न म्हणून नव्हे. ते लिहायची जागाच कधी नव्हती. गंगाखेड, पालम, सोनपेठकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या घ्या. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीशी नेते आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापते. तरी हिशेबाच्या दिवशी ती अर्धा कोयता. कापूस वेचणीत तिचं माप किलोवर होतं, पण ती चिठ्ठी संध्याकाळी पैसे मिळाले की फाटते. सातबाऱ्यावर ती सहसा नवरा गेल्यावर येते, वारस म्हणून. कागदाने आयुष्यभर जिला वगळलं, तिच्या सभेतही आपण विशेषणंच वाचली तर त्या मुकादमाच्या वहीत आणि आपल्या आदरांजलीत फरक फारसा उरत नाही.

याच परभणी जिल्ह्यातला एक जुना दाखला उलट बाजूचा आहे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. तिच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं जागोजागी येतं. तिने ते स्वतःच सांगून ठेवलं म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकातल्या एका कामकरी बाईचा दिवस आपल्याला ठाऊक आहे. त्या काळातल्या कितीतरी राण्यांचा नाही. अलीकडच्या काळात गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्या बायांत आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'साठी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून बोलतं केलं, पुस्तक १९८९चं. म्हणजे बायका सांगत होत्या. कुणीतरी बसून ऐकलं, तेव्हा ते टिकलं.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो आणि तो हलका नाही. आईने गावकीची कामं केली, दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून शिळं मागितलं, हे व्याह्यांसमोर, नातवाच्या ऑफिसातल्या लोकांसमोर माईकवरून सांगायचं? ज्यातून बाहेर पडायला दोन पिढ्या गेल्या, ते उकरायचं कशाला? हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. लादलेल्या कामाचं कौतुक करू नये. 'काय कष्ट उपसले हो' म्हणत त्याला सोनेरी मुलामा देणं म्हणजे लादणाऱ्याला सूट देणं. पण तिने कोणतं काम कधी सोडलं, कुणाच्या विरोधात सोडलं आणि त्यानंतर चूल कशी पेटवली, हे सांगण्यात लाज कसली? धर्मांतरानंतर घरातले देव कुणी काढले, हेही असंच. सभेत त्याचं श्रेय आजोबांना मिळतं, पण नवस, अंगारे, पोतराजाचं दान रोजच्या व्यवहारातून प्रत्यक्ष बंद करायचं काम घर चालवणाऱ्या बाईचंच होतं. काय सांगायचं आणि काय झाकायचं हे घराने ठरवावं. मात्र ठरवावं, आपोआप गळू देऊ नये.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो: सगळं अनित्य आहे, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात विभूतिपूजेपासून सावध केलं, मग एका बाईचं एवढं कशाला? पण ते सावधपण राजकारणातल्या मोठ्या माणसांपुढे लोटांगण घालण्याबद्दल होतं. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. ज्या उपासिकेने वर्षानुवर्षं संध्याकाळी विहाराचं कुलूप उघडलं, झाडून काढलं, सतरंज्या अंथरल्या आणि स्वतःला अक्षर येत नसताना नातीला समोर बसवून वाचायला लावलं, तिची नोंद घेण्याने कुणाची मूर्ती उभी राहत नाही. उलट पूजा वाढते ती विशेषणांनीच.

अशी नोंद कशी घेता येते, याचं एक उदाहरण दूरचं आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ज्येष्ठ, जबाबदार बाईला 'मदर' म्हणायची रीत आहे, आणि या 'मदर' पांढरे कपडे घालून पुढच्या बाकांवर बसतात. तिच्या अंत्यविधीला येणाऱ्यांच्या हातात छापील पुस्तिका पडते. जन्म कुठला, लग्न कधी, चर्चमध्ये कधी आली, गायकवृंदात होती की स्वयंपाकाच्या समितीवर, सगळं त्यात क्रमाने असतं. पुष्कळदा मंडळीचा रीतसर ठराव वाचून घरच्यांच्या हाती दिला जातो. ज्यांच्या पूर्वजांची नावं मालकाच्या मालमत्तेच्या यादीत लिहिली जात, त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांची नोंद स्वतःच्या कागदावर अशी आणली. बाबासाहेबांनी १९४६मध्ये तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्या समाजाकडून घेण्यासारखं अजूनही आहे, आणि हे तर फारच स्वस्तात मिळण्यासारखं.

राहिला वेळेचा प्रश्न. पाहुणे लांबून आलेले, पंगत खोळंबलेली, त्यात ही नवी भर कशी घालायची? भर घालायची गरजच नाही. नगरसेवकाची, माजी सभापतींची आणि 'दोन शब्द' म्हणून वीस मिनिटं घेणाऱ्या पाहुण्यांची भाषणं निम्म्यावर आणली तरी भागतं. कार्यक्रमाच्या पत्रिकेची मागची बाजू कोरीच असते, तिथे तिच्या आयुष्याच्या दहा ओळी सहज बसतात. विहाराच्या रजिस्टरात दानाची रक्कम लिहितात, त्याच पानावर त्याही उतरवता येतील. आणि पहिलं बोलणं तिच्याबरोबर खुरपणीला, वेचणीला गेलेल्या बाईचं असावं. ती म्हणणार, 'मला काय बोलता येतं बाई, मी अडाणी.' मग तिला उठवून स्टेजवर न्यायचं नाही. ती सतरंजीवर बसली आहे तिथेच माईक न्यायचा आणि एवढंच विचारायचं की तुम्ही दोघी पहिल्यांदा कुणाच्या रानात कामाला गेलात, आणि तेव्हा रोज काय मिळत होता.