चार बोटं रुंदीची पट्टी

तांबूस किंवा काळ्या रंगाच्या कष्टकरी घोड्याच्या छातीवर, पाठीच्या उंचवट्यावर किंवा तंगाच्या जागी पुष्कळदा पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, घोडा जन्मतःच तसा असेल. पण ते ठिपके साजाने उठवलेले असतात. एकाच जागी दाब किंवा घासणं चालू राहिलं की कातडीतल्या केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात. जखम भरून येते, वर केस पुन्हा उगवतात, मात्र ते पांढरे उगवतात. गाडीच्या घोड्याचा साज बरा होता की वाईट, याचा हा न पुसला जाणारा दाखला आहे. आपल्याकडे टांग्यांबद्दल आणि व्हिक्टोरियांबद्दल बरंच बोललं गेलं. चाकाला रबर हवं की नको, घोड्याला किती तास जुंपावं, टांगे असावेत की नसावेत, या सगळ्याची चर्चा झाली. मात्र घोडा आणि गाडी यांना जोडणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, लोखंडी कड्या, बकलं आणि दांड्या यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझं म्हणणं असं की घोड्याचं बरंवाईट सगळ्यात जास्त याच वस्तूंवर ठरतं, आणि सुधारायला सगळ्यात सोप्या व स्वस्तही याच आहेत.

घोडा गाडी ओढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो ढकलतो. पट्ट्यावर छाती टेकवून तो अंगाचं वजन पुढे टाकतो आणि मागच्या पायांनी जमीन रेटतो. गाडी मागून येते ती त्या पट्ट्याला बांधलेली असते म्हणून. बैलाचंही तसंच, पण बैलाला वशिंड असतं. त्याच्यापुढे जू ठेवलं की रेटा द्यायला निसर्गतःच आधार मिळतो. घोड्याची मान वर निघते, खांदे उतरते असतात आणि जू अडकावं असं काही तिथे नसतं. म्हणून बैलाचं जू घोड्याच्या मानेवर ठेवून भागत नाही. घोड्यासाठी निराळा साज शोधावा लागला आणि तो नीट सापडायला माणसाला शेकडो वर्षं लागली. चीनमध्ये हान राजवटीच्या काळापर्यंत छातीवरून जाणारा पट्टा रूढ झाला होता. युरोपात खांद्यांभोवती बसणारी भरीव, गादीची गळपट्टी नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास पसरू लागली. या गळपट्टीमुळे घोडा नांगराला जुंपता आला आणि उत्तर युरोपची शेती बदलली, असं लिन व्हाइट यांनी १९६२च्या ग्रंथात मांडलं आणि ते मत बराच काळ गाजलं.

या इतिहासातला एक वाद मला आजच्या प्रश्नासाठी मोलाचा वाटतो. फ्रेंच घोडदळातले निवृत्त अधिकारी रिशार लफेव्र दे नोएत यांनी १९३१ साली दावा केला की ग्रीक-रोमन साज घोड्याचा गळाच आवळत असे, म्हणून प्राचीन घोडा थोडंच ओझं ओढू शके. पुरावा म्हणून त्यांनी जुनी शिल्पं घेतली, प्रयोग केले आणि इसवी सन ४३८च्या थिओडोशियन संहितेतल्या मर्यादा दाखवल्या. सरकारी वाहतुकीच्या सर्वांत जड गाडीवर दीड हजार रोमन पौंड, म्हणजे पाचशे किलोंच्या आतबाहेर. त्याखालच्या गाडीवर हजार पौंड. पुढे १९७७मध्ये झाँ स्प्रुइत यांनी जुने साज तंतोतंत बनवून घोडे जुंपून पाहिले. दे नोएत यांनी दोन वेगवेगळ्या पद्धतींचे तुकडे एकत्र करून एक कधी नसलेलाच साज कल्पिला होता, असं त्यांनी दाखवून दिलं. नीट बसवलेला प्राचीन साज गळा आवळत नव्हता. कायद्याने घातलेली मर्यादा म्हणजे जनावराच्या ताकदीची मर्यादा, हे गृहीतकही चुकीचं होतं. रस्ते, गाड्या आणि जनावरं टिकावीत म्हणून राज्यकर्ते ओझ्यावर बंधन घालतच असतात. मात्र दोघांच्याही कामातून एक गोष्ट शाबूत उरते. पट्टा चार बोटं वर सरकला की श्वासनलिकेवर येतो आणि चार बोटं खाली उतरला की खांद्याच्या सांध्याची हालचाल अडते. साज चांगला की वाईट हे त्याच्या नावावरून किंवा परंपरेवरून ठरत नाही, तो नेमका कुठे टेकतो यावरून ठरतं.

आता थोडं गणित. टांगा, टांगेवाला आणि चार उतारू मिळून पाचशे किलो धरू. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर, हवेच्या टायरांवर, ही गाडी चालती ठेवायला दहा किलोंच्या आसपास ओढ पुरते. वीस फुटांमागे एक फूट चढ लागला की आणखी पंचवीस किलो लागतात. म्हणजे साधारण पस्तीस किलो सतत छातीवर. थांबलेली गाडी हलवताना क्षणभर याच्या कितीतरी पट जोर लागतो. हे पस्तीस किलो चार बोटं रुंद, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या, आणि छातीला अर्धा मीटर टेकलेल्या पट्टीवर सारखे पसरले, तर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅमही येत नाहीत. त्याच जागी बोटाएवढा जाड दोर असला, किंवा पट्टी दुमडून कडेवर उभी राहिली, तर तोच दाब सातशे ग्रॅमवर जातो. ओझं तेच, घोडा तोच, चढही तोच; कातडीवरचा भार मात्र सातपट. जखमा फक्त जास्त ओझ्याने होतात हा समज यामुळेच अपुरा आहे.

दाबापेक्षाही वाईट असतं घासणं. घोडा चालताना एक खांदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे असतो आणि पावलागणिक हे उलटसुलट होत राहतं. ओढीचे दोन्ही पट्टे गाडीला पक्क्या जागी बांधलेले असतील तर छातीवरची पट्टी जागची हलत नाही, आणि तिच्याखाली खांदे डावीउजवीकडे सरकत राहतात. मैलाला शेकडो वेळा, घाम आणि धूळ मध्ये धरून, चामडं कातडीवर कानशीसारखं फिरतं. यावरचा उपाय जुना आहे आणि फार साधा आहे. ओढीचे पट्टे थेट गाडीला न बांधता एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना बांधायचे, आणि ती दांडी मधोमध एका खिळीवर फिरती ठेवायची. डावा खांदा पुढे गेला की दांडीचं डावं टोक पुढे येतं, उजवं मागे जातं आणि पट्टी खांद्यांबरोबर डुलते. हातभर लाकूड, एक खिळी, दोन कड्या, एवढाच सगळा खर्च. छातीपट्टा असेल तिथे अशी डुलती दांडी असलीच पाहिजे, हा घोडागाडी जाणणाऱ्यांमधला जुना नियम आहे. गळपट्टी खांद्यांवर घट्ट बसते म्हणून तिथे तिच्यावाचून थोडंफार निभतं, छातीपट्ट्याला नाही. गाडीच्या धक्क्यांचाही विचार पूर्वी झाला आहे. प्राण्यांच्या हालचालींची छायाचित्रं घेण्यासाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८७०च्या दशकात ओढीच्या पट्ट्यांत लवचीक दुवा बसवून ताण मोजला होता आणि झटके कमी झाले की वाया जाणारे श्रमही कमी होतात हे दाखवलं होतं.

छातीइतकीच काळजी पाठीची हवी. टांगा दोनचाकी, म्हणून त्याचा तोल उतारू कुठे बसतात यावर जातो. माणसं पुढे सरकली की दांड्या खाली दाबतात आणि वजन पाठीवरच्या गादीवर येतं. ती गादी कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर टेकायला हवी. मधे, थेट हाडावर, पोकळी हवी. माणसं मागे झुकली की दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा ताणतो. उतारावर तर सगळंच उलटतं. आता गाडी घोड्याला ढकलते. मागच्या मांड्यांवरून जाणारा रुंद पट्टा असेल तर घोडा पुठ्ठ्यावर बसल्यासारखा भार झेलतो आणि गाडी रोखून धरतो. हा पट्टा नसेल तर गाडीचा सगळा रेटा तंगावर आणि शेपटीखालच्या दुमचीवर येतो. तंग पुढे सरकून कोपराच्या मागे काचतो, दुमची शेपटीच्या मुळाशी कापते. गाडीला हाताचा ब्रेक असला तरी हा पट्टा लागतोच, कारण ब्रेक दाबेपर्यंतचा पहिला धक्का घोडाच घेतो.

मग येतात लहान लोखंडी वस्तू. तार वाकवून केलेली, सांध्याला उघडी राहिलेली कडी ताणाखाली हळूहळू फाकते आणि तिचं टोक कातडीत जातं. गंजलेल्या बकलाची जीभ आधी चामडं खाते, मग केस. जोड नीट वितळवून गोल केलेली कडी, न गंजणाऱ्या धातूचं बकल आणि त्याच्यामागे कातडीकडच्या बाजूला चामड्याची जीभ, एवढ्याने यातल्या बऱ्याच जखमा टळतात. त्याहून महत्त्वाची अशी एक वस्तू आहे जी आपल्या टांग्यांवर सहसा दिसत नाही. घोडा घसरून पडतो तेव्हा पट्टे ताणलेले असतात, आणि साधं बकल ताणाखाली सुटत नाही. माणूस सुरी शोधत राहतो, घोडा पाय झाडत राहतो. शिडाच्या होड्यांवर वापरतात तसला ताणाखालीही खेचून सुटणारा आकडा ओढीच्या पट्ट्यांच्या टोकाला असला तर दोन क्षणांत घोडा मोकळा होतो. नायलॉनच्या पट्ट्या स्वस्त आहेत आणि तुटत नाहीत, म्हणून त्या सर्रास आल्या आहेत. पण त्यांच्या कडा कडक असतात, त्या घाम शोषत नाहीत आणि जिथे तुटायला हवं तिथेही तुटत नाहीत. नायलॉन वापरायचंच तर खाली चामड्याचं किंवा लोकरी नमद्याचं अस्तर हवं. जुन्या ट्यूबचा तुकडा अस्तर म्हणून घातला तर तो उष्णता आणि घाम कोंडून उलट त्रास वाढवतो.

आपला कायदा याबद्दल काय सांगतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली १९६५मध्ये ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. घोड्याच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, असतील तर ७५० किलो. तट्टासाठी ४०० आणि ६००. दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे. तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायला बंदी आहे. काटेरी कडियाळ, खिळे वा गाठी असलेला साज यांनाही मनाई आहे. खोगीर पाठीच्या उंचवट्यावर थेट टेकू नये, असंही त्यात आहे. हे सगळं स्तुत्यच आहे. पण नीट वाचलं तर दिसतं की चाक सुधारल्याचं बक्षीस ओझ्याच्या रूपाने दिलंय. टायर बसवा आणि दीडपट भरा. साजाबद्दल मात्र काय नको तेच सांगितलंय. छातीपट्टा किती रुंद, डुलती दांडी आहे की नाही, उतारासाठी मागचा पट्टा आहे की नाही, याबद्दल त्यात काहीच येत नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचे रोमन आणि आपण, दोघांनीही किलो मोजले. घोड्याच्या अंगाला काय टेकतं ते मोजलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की घोडागाड्या जाणारच आहेत, मग साज कशाला सुधारायचा? मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५मध्ये व्हिक्टोरियांवर बंदी आणली आणि तो निर्णय योग्यच होता. मुंबईच्या गर्दीत, तबेल्यांच्या त्या अवस्थेत, हौसेच्या फेऱ्यांसाठी घोडा जुंपायचं काही कारण नव्हतं. देशातले घोडे कमी होत आहेत हेही खरं. २०१९च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार निघाली. २०१२च्या मानाने ही ४५ टक्क्यांहून अधिक घट. पण उरलेल्या लाखो जनावरांपैकी पुष्कळ वीटभट्ट्यांवर, बाजारांत आणि खेड्यापाड्यांतल्या मालवाहतुकीत राबतात. ती उद्या सकाळी पुन्हा जुंपली जाणार आहेत. बंदी एका शहराचा प्रश्न सोडवते. संपत आलेल्या धंद्यातला घोडा मात्र सगळ्यात वाईट साजात राबतो, कारण त्या धंद्यात पैसे घालायला कुणी तयार नसतं. शेवटच्या पिढीलाही पाठ असते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. साज चांगला झाला की मालक जास्त ओझं भरेल आणि सुधारणेचा फायदा घोड्याला न मिळता भाड्याला मिळेल. इतिहास याला दुजोरा देतो आणि आपला १९६५चा नियमही देतो. म्हणून माझं म्हणणं असं की साजाची अट ओझ्याच्या मर्यादेशी बांधू नये. ओझं जे आहे तेच राहावं आणि परवाना देताना साज तपासावा. फॅशनपायी होणारी साजाची क्रूरताही आवाज उठवल्यावर हटू शकते, याला इंग्लंडचा दाखला आहे. मान ताठ दिसावी म्हणून घोड्याचं डोकं वर ओढून ठेवणाऱ्या आखूड लगामपट्टीविरुद्ध एडवर्ड फ्लॉवर यांनी १८७५मध्ये पुस्तिका लिहिली. दोन वर्षांनी ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ आली. चढावर घोड्याला मान खाली घालून वजन पुढे टाकावं लागतं आणि ती पट्टी नेमकं तेच अडवते, हे लाखो वाचकांना कादंबरीने समजावलं. त्यानंतर ही पट्टी हळूहळू मागे पडत गेली.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि तो टांगेवाल्याच्या तोंडून आला तर ऐकलाच पाहिजे. दिवसाच्या कमाईतून वैरण काढणाऱ्या माणसाला आयात केलेला साज परवडणार नाही. पण आयातीची गरजच नाही. ब्रिटिश काळापासून कानपूर हे खोगीर आणि साज बनवण्याचं मोठं केंद्र आहे. सैन्यासाठी तिथे सरकारी साज कारखाना निघाला होता. आज कानपूरच्या साजाला भौगोलिक मानांकन आहे आणि तो परदेशांतल्या घोडेस्वारांसाठी निर्यात होतो. तेच हात, तेच चामडं आणि तेच ज्ञान वापरून भारतीय तट्टाच्या मापाचा, साध्या कड्यांचा आणि रुंद पट्टीचा साज बनवणं अवघड नाही. बैलगाडीबाबत असाच आग्रह धरणारे एन. एस. रामस्वामी हे बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक होते. त्याआधी ते मुंबईच्या ‘नीटी’ या संस्थेत होते. व्यवस्थापन शिकवणाऱ्या या माणसाने जू आणि गाडी सुधारण्यासाठी वर्षानुवर्षं लेखणी झिजवली, कारण देशात माल ओढण्याच्या कामाचा केवढा मोठा वाटा जनावरांच्या मानेवर आहे हे त्यांना दिसत होतं.

परवान्याची तपासणी म्हणजे कागदांचा ढीग असायचं कारण नाही. छातीपट्टी चार बोटं रुंद आणि सपाट आहे का, श्वासनलिकेच्या खाली पण खांद्याच्या टोकाच्या वर बसते का, डुलती दांडी फिरते का, मागचा पट्टा आहे का, ताणाखाली सुटणारा आकडा लावला आहे का, हे पाच मिनिटांत पाहून होतं. त्यानंतर काम संपवून आलेल्या घोड्याचा साज उतरवायचा. घामाने सगळीकडे सारखी ओली झालेली जागा ठीक असते. ओल्या कातडीत मधेच कोरडा राहिलेला ठिपका म्हणजे तिथे दाब इतका होता की घामही फुटला नाही. त्या ठिपक्यावर खडूने खूण करून साजाचा तो भाग दुरुस्तीला द्यायचा, आणि दुरुस्त होईपर्यंत घोडा तबेल्यात ठेवायचा.