रांगोळीकाराचं कोटेशन

वसई तालुक्यात नायगाव पूर्वेला जूचंद्र नावाचं गाव आहे. डोंगरावरच्या चंडिकादेवीसाठी त्याची जितकी ओळख, तितकीच रांगोळीकारांसाठी. दिवाळीत इथल्या प्रदर्शनांत जमिनीवर उतरलेली व्यक्तिचित्रं पाहताना हा फोटोच ठेवलाय की काय, असं वाटतं. एवढा हात असलेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह येतं. घर मात्र दुसऱ्या नोकरीवर चालतं. या कलेवर स्वतःचा धंदा उभा राहू शकतो. त्यासाठी रांगोळीकाराने चित्राचे पैसे मागणं सोडून आपल्या तासांचे पैसे मागायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

हे काम जवळून पाहिलं की कारण कळतं. जमीन आधी सपाट आणि कोरडी करून घ्यावी लागते. मूळ फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात जमिनीवर मोठ्या चौकटी आखून खडूने बाह्यरेषा उतरवायची. पांढऱ्या रांगोळीत ‘लेक कलर’ म्हणजे रंगाची पूड मिसळून, चाळून छटा तयार करायच्या. एका गालालाच उजेडापासून सावलीपर्यंत कितीतरी छटा लागतात. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रंग सोडायचा. बोटं जमिनीलगत ठेवली तर बारीक रेघ येते, थोडी वर धरून चोळली तर पातळ थर बसतो आणि खालची छटा त्यातून दिसत राहते. चुकलं तर खोडरबर नाही. वरून दुसरी छटा चढवावी लागते, आणि थर जाड झाला की चेहरा सुजल्यासारखा दिसतो. कितीही उकडलं तरी पंखा बंद. असे तासन् तास उकिडवं बसून झालेल्या कामात पावडर आणि रंगाचा खर्च अगदी किरकोळ असतो. गिऱ्हाईक तेवढाच खर्च पाहतं आणि ‘रांगोळीला असे किती पैसे लागतात’ असं विचारतं. मालावर भाव सांगणारा कलाकार तिथेच फसतो.

याच पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रांचं उदाहरण लगेच पुढे केलं जाईल. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा चौकही टिकण्यासाठी नव्हता. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रं कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागदावर आलेलं चित्र गुंडाळून विकता येतं. रांगोळी उचलून नेता येत नाही. म्हणून तिचा धंदा वस्तूचा नाही, सेवेचा आहे. मंडपवाल्याचा असतो तसा.

देवापुढे, दारापुढे काढायच्या गोष्टीचे पैसे कसले, असा आक्षेप मनापासून घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण उंबऱ्यापुढच्या रांगोळीचे पैसे कुणी मागतच नाही. गणपतीची मूर्ती आपण विकतच आणतो, त्याने भक्ती उणावत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दिवाळी, पाडवा, लग्नसराई, शिवजयंती सोडली तर काम कुठे? इथे कलाकाराची खरी पुंजी उपयोगी पडते. ती पुंजी म्हणजे छटांची जाण. चित्र टिकत नाही, पण मिसळून, चाळून ठेवलेले रंग टिकतात. त्वचेच्या तयार छटांची पाकिटं आणि सुट्टीतले वर्ग यांवर रिकामे महिने निघू शकतात. राहिला रांगोळीच्या स्वस्त स्टिकरचा प्रश्न. ज्याला फक्त नक्षी हवी तो स्टिकरच घेईल, त्याच्यामागे लागू नये. रांगोळी भरली जात असताना भोवती माणसं थबकून उभी राहतात. ते पाहणंही कामाचा भाग समजून त्याचा भाव लावावा.

सरकारी आधार तोकडा आहे, हे खरं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत हार गुंफणारे आहेत, रांगोळीकार नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. पण उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, आणि त्याहून महत्त्वाचा आहे कोटेशनचा एक साधा कागद: मोजमाप, लागणारे तास, जागा कुणी झाकायची, अर्धी रक्कम आगाऊ, कार्यक्रम रद्द झाला तर काय. त्यात फोटोबद्दल एक ओळ हवीच. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन काढून दिलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणाऱ्याकडे जातो. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जाते आणि मागे फोटोच उरतो. पुढचं गिऱ्हाईक तो पाहूनच येणार असतं, त्यामुळे तो वापरण्याचा हक्क कलाकाराने आधीच लिहून घ्यावा.