रोज एक नवा शब्द



इंग्रजी म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. "आपल्याले ते जमत नाई," म्हणून आपण मोकळे होतो. मीही तसाच होतो. पण मागच्या उन्हाळ्यात काय झाले ते ऐका.

तेंदूपत्त्याची मजुरी बँकेत जमा व्हायची होती. बाबांनी पासबुक छापून आणले व विचारले, "काऊन रे, आले का पैसे?" मला आकडा दिसला. मी म्हणालो, "आले." बाबा दुसऱ्या दिवशी काम सोडून बँकेत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. तो आकडा 'विड्रॉल'च्या रकान्यातला होता, म्हणजे आधी काढलेल्या पैशांचा! एका शब्दापायी दिवसाची मजुरी बुडाली. त्याच रात्री मी वहीत पहिला शब्द लिहिला.

खरे तर इंग्रजी आपल्या गावात आधीच आलेली आहे. रेंजर, गार्ड, डेपो, नर्सरी हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. जंगलकटाईचा 'कूप' म्हणजे विहीर नव्हे. 'कापणे' या अर्थाचा तो फ्रेंच शब्द इंग्रजीतून वनखात्यात आला. आपले शब्दही तिकडे गेले आहेत. 'जंगल'चे 'जंगल'च राहिले. आपला मुंगूस तिकडे 'मंगूस' झाला. सिरोंच्याकडे तेलुगू बोलतात. तेलुगूत घुशीला 'पंदिकोक्कू', म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात. त्याचेच इंग्रजीत 'बँडिकूट' झाले. मग परक्या भाषेची भीती कशाला?

शब्द शिकण्याची माझी रीत अशी :

१. रोज डोळ्यांना दिसलेला एकच शब्द घ्यावा. खताचे पोते, औषधाची पट्टी, एस. टी., पासबुक, कुठूनही.

२. गुरुजींना किंवा बाईंना उच्चार विचारावा. 'नाइफ'मध्ये आधी 'के' लिहितात, पण बोलत नाहीत. म्हणून कान आणि डोळा दोन्ही हवेत.

३. अर्थ मराठीत लिहावा. घरी गोंडी किंवा माडिया बोलत असाल तर तो शब्दही शेजारी लिहावा. अशा मित्रांनी शाळेत येऊन मराठी शिकलीच ना? मग तिसरी भाषाही जमेल.

४. त्या शब्दाचे एक छोटे वाक्य करावे व दिवसभरात दोन वेळा बोलावे.

५. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावी. नुसते पाठ केलेले लवकर विसरते.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरते. रोज एक धरला तरी सातवीत २२० शब्द होतात!

माय-बाबांनो, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून होती. म्हणून तुम्हाला येत नसेल तर लाज वाटू देऊ नका. संध्याकाळी फक्त एवढेच विचारा, "आजचा शब्द कोणता?" आम्ही तो सांगू आणि तुम्हीही शिकाल.

आता आमच्या घरचे पासबुक मी वाचतो. 'डिपॉझिट' म्हणजे जमा, 'बॅलन्स' म्हणजे शिल्लक. बाबांनाही हे दोन शब्द पाठ झाले आहेत.

मग मित्रांनो, आज कोणता शब्द लिहिणार?

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी